नवं कार्ड, जुनं तुडूम

माझी बायको गोळ्या फार छान झाडते. हे वाक्य मी नवीन ओळख झालेल्या माणसापुढे मुद्दाम एवढंच टाकतो आणि गप्प बसतो. आमच्या भागात ते ऐकून समोरचा जरा सावरूनच बसतो. मग मी सांगतो की कॉम्प्युटरवरच्या खेळात. तो हुश्श करतो, आणि चहा येतो.

आम्ही ब्रह्मपुरीला राहतो, गडचिरोलीच्या जंगलाला लागून. मी इथल्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. विद्यार्थ्यांना स्टॉपवॉच काढून देणं, लंबक बांधून देणं आणि फुटलेल्या काचा झाडणं ही माझी कामं. बायको मासेमार घरची. तिचे वडील गावच्या तलावात जाळं टाकतात आणि ही लहानपणापासून जाळी विणत आली. तिची नजर तिथेच तयार झाली असं मी मानतो. मासा आत्ता कुठे आहे हे पाहून जाळं टाकायचं नसतं, तो कुठे जाणार आहे तिथे टाकायचं असतं. खेळातही ती तसंच करते. शत्रू दारातून निघायच्या आधी तिची गोळी दारात पोचलेली असते. मी तिच्यामागे उभा राहून हे कितीदा पाहिलंय, तरी प्रत्येक वेळी माझ्या तोंडून ‘अरे बाप्पा’ निघतंच.

पाच बायकांचा त्यांचा एक संघ आहे. एक मुलचेऱ्याची आहे, बंगाली वस्तीतली. घाबरली की ती हेडफोनच्या माइकवर बंगालीत पुटपुटते. एक एटापल्लीची आहे, आभाळ भरून आलं की तिचं नेटवर्क जातं. पाचही जणींनी एकमेकींना समोरासमोर कधी पाहिलेलं नाही. खेळात बंद खोलीत आधी कोणी शिरायचं, हा सगळ्यात अवघड प्रश्न असतो. त्यांच्यात तो प्रश्नच नव्हता. आधी माझी बायको शिरायची, मग बाकीच्या.

गेल्या वर्षी माहेरी गेली असताना तलावाच्या शेवाळलेल्या पायरीवरून ती घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. माझा स्वभाव असा की घरातलं माणूस दुखण्यात असलं की मी त्याच्याजवळ बसत नाही, वस्तू आणतो. माझ्या आईच्या आजारपणात मी तीन प्रकारचे थर्मास आणले होते. तसं बायकोसाठी मी ग्राफिक्स कार्ड आणलं.

काय कार्ड होतं ते! विटेएवढं लांब, वर दोन पंखे, हातात घेतलं तर मनगट खाली जाईल असं वजन. पडद्यावरचं चित्र रंगवण्याचं काम हे कार्ड करतं, आणि ते भारी असलं की खेळ भारी चालतो, असं मी महिनाभर व्हिडिओ पाहून शिकलो होतो. त्याला वीज जास्त लागते म्हणून वीजपुरवठ्याचा डबाही मोठा आणला. कार्ड आमच्या जुन्या कॅबिनेटमध्ये जेमतेम बसलं. एक बाजू उघडीच राहिली. आत प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीचा होता, बायकोने टायपिंगचा क्लास लावला तेव्हाचा. त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. चालतोय ना, मग चालू द्या.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले हाड छान जुळलंय, हळूहळू हाताला काम द्या. त्यांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. दोनच दिवसांत तिला त्या चेंडूचा कंटाळा आला, म्हणून तिने माहेरून दोरा आणून जाळं विणायला घेतलं. कॉम्प्युटरच्या वरच्या खुंटीला ते अडकवायची आणि उभ्याने गाठी मारायची. दोन आठवड्यांनी म्हणाली, आता खेळून पाहते.

पहिल्याच खेळात ती दाराशी मेली. पुन्हा खेळली, पुन्हा दाराशीच मेली. खोलीत शिरेपर्यंत सगळं झकास चाले, पण आत चारपाच जण एकदम समोर आले की चित्र डोळ्याची पापणी लवावी एवढा वेळ अडकायचं. त्या खेळात तेवढा वेळ पुरतो. मी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला. सेकंदाला किती चित्रं तयार होतात तो आकडा. जुन्या कार्डावर चाळिसाच्या आसपास असायचा, आता शंभराच्या वर होता. ‘पाहा, किती भारी चालून राह्यलं,’ मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी कार्डावरचा भार हलका व्हावा म्हणून मी चित्राचा दर्जा अगदी खाली आणला. आकडा आणखी वाढला आणि अडकणंही वाढलं. तिसऱ्या दिवशी ती लागोपाठ सहा वेळा मेली.

तेव्हा मी ते बोललो. ‘कार्ड तर एक नंबर आहे. मंग हातच जड झाला असंल तुया.’

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने कानावरचे हेडफोन काढले, त्यांची वायर नीट गुंडाळली, आणि म्हणाली, ‘असंल.’

येत्या रविवारी दुपारी त्यांचा राज्यपातळीच्या स्पर्धेसाठी निवडीचा सामना होता. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तेव्हा ती फोनवर मुलचेऱ्याच्या मैत्रिणीला सांगत होती, ‘रविवारी दुसरी कोनी पाहा. माया हात गेला आता.’ ती हे भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात बोलली.

मी दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो ते तिच्यासाठी गेलो असं म्हणायला मला आवडेल, पण ते खरं नाही. मी गेलो ते कार्डात खोट निघाली तर परत करता येईल म्हणून. चाचांचं दुकान बस स्टँडमागच्या बोळात आहे. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, हे टीव्हीवर आले आणि मग कॉम्प्युटरवर. चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला असतो. त्यांची एक रीत गावाला ठाऊक आहे. यंत्र विकत घेणाऱ्याशी ते बोलत नाहीत, चालवणाऱ्याशी बोलतात.

मी कॅबिनेट टेबलावर ठेवलं आणि कार्डाची सगळी वंशावळ सांगितली. त्यांनी ऐकून घेतली.

‘चालवते कोन?’

‘बायको.’

‘मंग तिले आना ना भाऊ. तुमी काऊन आले?’

ती यायला तयार नव्हती. शेवटी आली, उजवा हात ओढणीखाली घेऊन. चाचांनी विचारलं, ‘बोला बाई, का तरास आहे?’

‘मशीन बरोबर आहे, चाचा. माया हात खराब झाला.’

‘हात मी दुरुस्त नाई करत,’ चाचा म्हणाले. ‘पहले मशीन पाहू.’ आणि माझ्याकडे वळून, ‘जुना कार्ड कुठी आहे? फेकला तं नाई?’

ते टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलं होतं. मी सायकल मारत घरी गेलो आणि घेऊन आलो. चाचांनी नवं कार्ड काढलं, जुनं बसवलं, आणि तिला खेळायला सांगितलं. इंटरनेट नको, कॉम्प्युटरच्याच माणसांविरुद्ध खेळा म्हणाले. चित्र अगदी कळकट होतं. आकडा चाळिसाच्या पुढे सरकत नव्हता, पण हलतही नव्हता. ती दारात शिरली. एक, दोन, तीन, चार. खोली रिकामी. दुसरी खोली, तीही रिकामी.

चाचा पडद्याकडे पाहतच नव्हते. ते तिच्या हाताकडे पाहत होते.

‘हात तं बराबर आहे,’ ते म्हणाले.

तिने माउस सोडला आणि हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसली. मला त्या क्षणी आमच्या प्रयोगशाळेची भिंत आठवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘एका वेळी एकच गोष्ट बदला.’ अक्षर माझंच आहे. घरी मी एकाच वेळी दोन गोष्टी बदललेल्या पाहिल्या, नवं कार्ड आणि मोडून जुळलेला हात, आणि दोष बेधडक हाताला दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचांनी पुन्हा नवं कार्ड बसवलं आणि खेळ चालू असताना शेजारी एक खिडकी उघडली. तिच्यात कार्ड किती राबतंय ते दिसत होतं. निम्मंही राबत नव्हतं, नुसतं बसून होतं. खाली प्रोसेसरचा आकडा होता, शंभरातले पासष्ट. मी हा आकडा घरी पाहिला होता.

‘म्हणजे प्रोसेसरलाही अजून जागा आहे,’ मी म्हणालो. पडलो तरी नाक वर.

चाचांनी एक बटण दाबलं. त्या एका आकड्याचे चार चौकोन झाले. प्रोसेसरच्या पोटात काम करणारे चार जण असतात, त्यांचे ते वेगवेगळे चौकोन. तीन अर्धेमुर्धे भरलेले होते. चौथा छताला टेकून थरथरत होता.

‘चार जनाईची सरासरी काढली तं एकाचं दुखनं मिटते का भाऊ?’

मी रोज पोरांना सरासरी काढायला लावतो.

मग त्यांनी तिला समजावलं, मला नाही. कोण कुठे उभा आहे, भिंत कुठे आहे, बाईंची गोळी कोणाला लागली, हा सगळा हिशेब आधी प्रोसेसर करतो. तो झाला की कार्ड चित्र रंगवतं. हे कार्ड झटक्यात रंगवून मोकळं होतं आणि पुढचा हिशेब मागतं. खोलीत पाच जण आले की हिशेब वाढतो, या म्हाताऱ्या प्रोसेसरला दम लागतो, तुमच्या माउसकडे पाहायलाही त्याला फुरसत राहत नाही. भाऊंनी चित्र हलकं केलं, म्हणजे कार्ड आणखी मोकळं झालं आणि म्हाताऱ्याच्या मागे आणखी तगादा लागला.

‘तुडूम,’ बायको म्हणाली.

‘का म्हनलं?’

तिने सांगितलं. तलावाच्या पाळीतून पाणी बाहेर सोडायचं जे दगडी तोंड असतं, ते तुडूम. तिच्या गावात एकदा सगळ्यांनी मिळून नहर खोदून रुंद केली, आत बैल बसेल एवढी. पण तुडूम होतं तेच राहिलं, त्यामुळे पाणीही आधीएवढंच आलं. रुंद नहरेत ते पसरून बसलं आणि धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचेना. ‘सारे गाव मंग त्या शेवटच्या बांधीवाल्यालेच म्हने, तूच झोपला असशीन.’

एवढं बोलून ती थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

चाचा मात्र खूश झाले. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. ‘इतके साल झाले लोकाईले समजावून राह्यलो, पन हा शब्द कोनी देल्ला नाई,’ म्हणाले. त्या दुकानात दोन कसबी माणसं एकमेकांना भेटली होती, आणि मी पिशवी धरून उभा होतो.

आता ते नवा प्रोसेसर घ्या म्हणतील, असं मला वाटलं. मी तयारही होतो, वस्तू आणायला मी कायमच तयार असतो. चाचा म्हणाले, ‘त्याच्यासंगं बोर्डही बदलावा लागन. घ्या कधी तरी, घाई नाई. रविवारचं काम याच्यातच होते.’ त्यांनी मी खाली आणलेला चित्राचा दर्जा उचलून पार वर नेला. बसून राहिलेल्या कार्डाला काम दिलं. आणि सेकंदाला साठच चित्रं काढायची, असा बांध घातला.

‘शंभरावरून साठ?’ मी न राहवून बोललो.

‘बाई, तुमी सांगा.’

ती खेळली. दारात शिरली, पाच जण एकदम समोर आले, आणि काहीच अडकलं नाही. तुपासारखं चाललं. खोली रिकामी झाल्यावर ती पुढे जायची सोडून भिंतीजवळ थांबली. ‘अजी, इथी झाड आहे,’ ती म्हणाली. त्या भिंतीवर वेल होती, पानापानाची. दोन वर्षं ती त्या भिंतीआडून गोळ्या झाडत होती आणि तिला तिथे नुसता हिरवा डाग दिसत होता. ती मोठ्याने हसली. कित्येक दिवसांनी हसली.

रविवारी दुपारी दारातून आधी तीच शिरली. मुलचेऱ्याची मैत्रीण एवढं बंगाली बोलली की हेडफोनबाहेर मला ऐकू आलं. एटापल्लीचं आभाळ सुदैवाने कोरडं होतं. त्यांची निवड झाली. मी सोमवारी चाचांना सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी कुठल्याशा गिऱ्हाइकाला बोट दाखवून विचारलं, ‘तुमच्या मशीनचं तुडूम कोनतं, पाहिलं का कधी?’

त्या रविवारी संध्याकाळी मी तिला म्हणालो, ‘चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं.’ तिने उठून खुंटीवरचं जाळं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

‘पाहा.’

मी खिडकीशी नेऊन पाहिलं. सुरुवातीच्या, प्लास्टर काढल्यानंतरच्या ओळीतल्या गाठी सैल होत्या. पुढच्या ओळींत त्या आवळत गेल्या होत्या. नंतरच्या हातभर जाळ्यात प्रत्येक गाठ एकसारखी घट्ट होती, नखाने सरकवली तरी सरकेना. ते हातभर जाळं मी बोललो त्याच्या आधीच विणून झालं होतं. त्यानंतर मात्र तिने एकही गाठ मारली नव्हती.

ते सगळे दिवस जाळं कॉम्प्युटरच्या वर, माझ्या डोळ्यांसमोर होतं. कॉलेजातून आलो की मी त्याच खुंटीला, त्याच्यावरच, शर्ट अडकवत होतो.