पोटुशीसमोर न घेतलेलं नाव

ते प्रकरण आठवलं की अजूनही डोळ्यांसमोर श्रावणातलं धुकं उभं राहतं आणि त्यात कुंपणावर पेटल्यासारखी दिसणारी लाल-पिवळी फुलं. मी तेव्हा रत्नागिरीजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. आरे-वारेच्या वरच्या एका वाडीत बारा दिवसांची बाळंतीण उकडलेली रताळी खाऊन उलट्यांनी बेजार झाली होती. तिला दवाखान्यात नेलं होतं. नवरा मुंबईला. "सासूनं विष घातलं," असं तिच्या भावाचं म्हणणं. दुपारी तो सासूला घेऊनच ठाण्यात आला.

बाईची चौकशी, म्हणून महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवलं. तिला सहावा महिना होता.

"आजी, रताळ्यांत दुसरं काय होतं?"

म्हातारी कॉन्स्टेबलकडे बघायची आणि तोंडाला पदर लावायची.

"मावशी, जीभ गिळलीत काय? एरवी साऱ्या वाडीला ऐकू जातंय!" भाऊ म्हणाला. त्याला मी बाहेर बसवलं. तासभर गेला. ‘सहकार्य करत नाही’, असं मी टिपूनही ठेवलं.

तेवढ्यात दवाखान्यातून कळलं, उलट्या थांबल्या, उद्या घरी सोडतील. म्हातारीला धीर यावा म्हणून मी ते सांगितलं, तर ती ताडकन उठली.

"नको सायेब, सुनेला घरी नका धाडू! या पोरीला आदी भायर धाडा, मंग सांगते."

मला त्यात डाव दिसला. "ती इथंच बसेल. नियम आहे."

कॉन्स्टेबल संगमेश्वरकडची. तिचा हात पोटावर गेला. "साहेब, मी व्हरांड्यात थांबते, दार उघडं ठेवा. रताळ्यासारखं दिसणारं एक मूळ असतं, आमच्याकडेही त्याचं नाव पोटुशीसमोर घेत नाहीत. घेतलं तर अवेळी कळा येतात म्हणतात."

ती गेल्यावर म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, "कळलावी."

सुनेला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना लवकर सुटका व्हावी म्हणून तिने कळलावीचं मूळ सुनेच्या कमरेला बांधलं होतं. बाळंत झाली की ते मूळ वाहत्या पाण्यात सोडायचं. पण ओढ्याच्या पुराला उतार नव्हता, म्हणून तिने ते चुलीमागच्या टोपलीत ठेवलं आणि नातवाच्या कौतुकात विसरली. सुनेने रताळं समजून उकडलं.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "हे विष मध्ये गप्प बसतं, मग उलटतं." सुनेला ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी खरोखरच प्रकृती ढासळली. उपचार हाताशी होते, म्हणून ती वाचली. डोक्यावरचे केस मात्र सगळे गळले. तक्रार भावानेच मागे घेतली.

मी घरातला पहिला पदवीधर, तोही वनस्पतिशास्त्राचा. शिक्षकांच्या कृपेने या वेलीचं लॅटिन नाव मला पाठ होतं. जुनी नावं मी नंतर शोधली. कंद नांगरासारखा, म्हणून लांगली. फूल ज्वाळेसारखं, म्हणून अग्निशिखा. आणि कळा लावणारी, म्हणून कळलावी. हे शेवटचं नाव कुणा सुईणीने ठेवलं असावं. किती जणींच्या उशाशी बसल्यावर तिला ते सुचलं असेल, या विचारात मी कधी कधी हरवून जातो.

चौकशीत गप्प राहणारा माणूस स्वतःला वाचवत असतो, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. ती बाई कोठडीच्या दारात उभी राहून माझ्या कॉन्स्टेबलचं मूल वाचवत होती.