आप्पांच्या वावरातली माती

हिंजवडीत आयटी कंपन्यांच्या इमारती उठू लागल्या तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जमीन विकली नाही. एका ठेकेदाराला खडी आणि सळया ठेवायला भाड्याने दिली. "जमीन होती तशी परत पायजे," एवढं बजावलं आणि निर्धास्त झाले.

ठेकेदाराने शब्द पाळला म्हणायचा. जमीन परत दिली, तीही छान सपाट करून. फक्त वरची काळी माती खरवडून नेली होती. ती एका कंपनीच्या हिरवळीखाली गेली. मी जाब विचारला, तर म्हणाला, "मॅडम, जमीन तर जागेवरच आहे ना?" कपाळ माझं!

मी सदाशिव पेठेत राहायचे, कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. निम्मा वर्ग कॉम्प्युटरच्या क्लासला पळालेला. उरलेल्यांना मी रंगून सांगायचे, की आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यावर शेवाळ धरलं, दगडफूल आलं, फटींत मुळं शिरली. जिवांनी दगड फोडला, त्या चुऱ्यावर आणखी जीव पोसले. श्वासातला प्राणवायूसुद्धा जिवांनीच हवेत सोडलेला. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं जातात, हे सांगताना माझा आवाज चढायचा. आता माती गेल्यावर तोच उघडा दगड आणि मुरूम माझ्या बापाच्या वावरात उरला होता.

आप्पांनी तळ्यातला गाळ आणून टाकला. दोन पावसांत तो मुरमावरून वाहून गेला. मग त्यांनी मला विचारलं, माती होते तरी कशी? मी सगळं सांगितलं, पण वर्षांचं सांगायला जीभ रेटेना. आधी शेवाळ येतं, एवढ्यावर थांबले.

दिवाळीला गेले तर आप्पा बांधावर वाटच बघत होते. मला हाताला धरून नेलं. उघड्या खडकावर, सावलीच्या बाजूला, हिरवट पापुद्रा धरला होता.

"हाय का न्हाई? तू म्हनलीस तसंच. सुरू झालं बघ."

खरंच सुरू झालं होतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

आप्पा ऐंशीला टेकले होते. कसेबसे वाकून त्यांनी तो पापुद्रा बोटाने चाचपला.

"मंग आता बियानं कवा आणायचं?"

उत्तर मला तोंडपाठ होतं.

"पुढच्या वर्षी बघू, आप्पा," मी म्हटलं.