मायच्या बाजेखालची कुत्री

तेलंगणातल्या जैनथला राहायचो तेव्हा आमच्या घराला मागे छोटं अंगण होतं. आता आम्ही आदिलाबादेत दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी तेवढी दिसते. चहा घेताना मला अजून ते अंगणच आठवतं. सीताफळाचं झाड, धुण्याचा दगड, झाडाखाली बाज टाकून बसलेली माझी माय, आणि तिच्या बाजेखाली ती कुत्री.

मी तेव्हा महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या एका गावात मराठी शाळेवर होते. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. घरात आम्ही मायलेकी दोघीच. मायचा सारा जन्म लोकांच्या शेतात गेला. कापूस वेचून वेचून तिच्या बोटांची टोकं राठ झालेली. कुत्र्यांचं तर तिला वावडंच होतं. लहानपणी मालकाच्या दारासमोरून जाताना त्याच्या कुत्र्यानं तिची पोटरी फोडली होती. तो व्रण ती कुणालाही दाखवायची आणि म्हणायची, "कुत्रं पाळनं मोठ्या लोकायचं काम. आपल्याले काय राखाचं हाय?"

आमच्या मागच्या घरात कापसाच्या जिनिंग गिरणीत काम करणारा एक तेलुगू माणूस भाड्यानं राहायचा. कापसाचा हंगाम संपला तसं त्यानं सामान टेम्पोत भरलं आणि दाराला कुलूप लावून गेला. त्याच्या परसात बांधलेल्या कुत्रीची साखळी वाजायची, ती मात्र वाजतच राहिली. आम्हाला वाटलं, माणूस येऊन-जाऊन असेल. शेजारच्या तेलुगू बाई, ज्यांना आम्ही अक्का म्हणायचो, त्या भिंतीवरून कधी भात टाकायच्या. एका दुपारी त्या आमच्या दारात आल्या आणि त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "मॅडम, साखळीचा आवाज येत नाही आता."

त्या घराचे मालक दुसऱ्या गावी राहायचे. मी फोन केला. ते म्हणाले, "कुत्र्याचं मला काही माहीत नाही. कुलूप तोडा, मी काही म्हणणार नाही." अक्कांचे यजमान हातोडी घेऊन आले.

पत्र्याच्या शेडखाली ती पडलेली होती. साखळी खांबाला गुंडाळत गुंडाळत इतकी आखूड झाली होती की तिला मान खाली ठेवता येत नव्हती. अंगावर केस कमी आणि खरूज जास्त. कान गोचिडांनी भरलेले. अक्कांनी टाकलेल्या भाताला भिंतीपाशी मुंग्या लागल्या होत्या, कारण तिथपर्यंत तिला पोचताच येत नव्हतं. मी जवळ गेले तर ती गुरगुरली नाही की हलली नाही. नुसते डोळे घट्ट मिटून घेतले. मार बसणारच आहे असं धरून चाललेलं जनावर मी पहिल्यांदा पाहिलं.

पोत्यात गुंडाळून मी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मलम दिलं आणि म्हणाले, "जगेल ही. अंगावरची खरूज जाईल. माणसाची भीती जायला वेळ लागेल."

घरी आणली तर माय दारातच उभी.

"हे काऊन आनलं?"

"बरी होईपर्यंत ठेवू."

"मी शिवनार नाई, सांगून ठेवतो. अन् घरात नाई, अंगनात."

अंगणात सोडली तशी ती सरपटत थेट मायच्या बाजेखाली गेली. तिथेच भिंतीला चिकटून बसली. मी गुडघ्यावर बसून भाकर दाखवली, गोड बोलले, हात पुढे केला. जितकी मी पुढे, तितकी ती मागे. खायची ती आम्ही दोघी आत गेल्यावरच, तेही ताटलीकडे पाहत नाही असं दाखवत. शाळेत मी वर्गाला गप्प करायचे, रडणाऱ्या लेकरांना हसवायचे. पण माझं सारं कसब त्या बाजेखाली थिटं पडलं.

माय मात्र तिच्याकडे बघायचीच नाही. बाजेवर बसून तूर निवडायची, ज्वारी पाखडायची, स्वतःशीच बोलत राहायची. भाव पडला, नळाला पाणी आलं नाही, कोणाच्या सुनेला मुलगी झाली. बाजेखालचं जनावर हे सगळं ऐकायचं. काही आठवड्यांनी मला दिसलं, कुत्रीचं नाक बाजेबाहेर आलं होतं, मायच्या टाचेपाशी. मायलाही ते ठाऊक होतं. तिनं टाच हलवली नाही.

"भेते बिचारी," माय म्हणाली. "मलेबी भ्याव वाटते. दोघी सारख्याच."

त्यानंतर मायच तिला भाकर टाकू लागली. माय साऱ्यांनाच पोरी म्हणायची, मला, अक्कांना, भाजीवालीला. कुत्रीलाही म्हणायची, "घे पोरी, खाय." आणि गंमत अशी की भाकर पाहून पुढे आलेली कुत्री हे ऐकताच शेपूट पोटात घालून मागे पळायची. माय हिरमुसायची. "मी देऊन राह्यलो अन् हे पळून राह्यली. माह्या हाताले काय वास येते?"

एकदा अक्का धुणं वाळत घालताना हे पाहत होत्या. त्या एकदम हसायला लागल्या. "माय, तुम्ही पोरी म्हणता, तिला पो ऐकू येतं! आमच्या तेलुगूत पो म्हणजे जा. त्या घरात दिवसभर तेच ऐकलं तिनं. पो, पो. तिला रा म्हणा. रा म्हणजे ये."

माय बाजेवरून उतरून खाली मातीत बसली, हातात भाकरीचा तुकडा धरला आणि लाजत म्हणाली, "रा. रा वं बाई."

कुत्री बाहेर आली. पोट जमिनीला घासत, थांबत थांबत, पण आली. तुकडा घेतला नाही, आधी मायच्या मनगटाला नाक लावलं. मायचं सारं अंग आखडलं होतं, मला दिसत होतं. तिनं डोळे मिटले होते. मग दुसऱ्या हाताचं एक बोट तिनं हळूच कुत्रीच्या कपाळावर टेकवलं.

त्या दिवसापासून ती मायची झाली. बरी होईपर्यंत ठेवू, हे पुन्हा कोणी बोललं नाही. केस आले तेव्हा कळलं की तिचा रंग बदामी आहे.

पुढच्या हंगामात तो जिनिंगवाला परत आला. आता दुसऱ्या गावी कामाला आहे म्हणाला, कापसाच्या गंजीवर राखणीला कुत्रं पाहिजे. तो काही राक्षसासारखा माणूस नव्हता. दमलेला, घामेजलेला, हातात नवी दोरी. शेजारी बघतील असं वाटलं होतं म्हणाला. त्याचा आवाज ऐकताच कुत्री बाजेखाली गेली आणि तिच्याखालची माती ओली झाली.

मी काही बोलण्याआधी माय उठली. मालक लोकांसमोर जन्मभर पदर ओढून खाली पाहणारी माझी माय. ती बाजेच्या आणि त्या माणसाच्या मधे उभी राहिली आणि बाजारात शिकलेल्या तेलुगूत म्हणाली, "इय्यनु." देणार नाही. तो काहीतरी समजावत होता. मायनं पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्यानं. मग तिची तेलुगू संपली आणि ती मराठीत म्हणाली, "बांधून गेला तवाच तुही नाई राह्यली थे. जाय बाबा. पानी पी अन् जाय."

तो खरंच पाणी पिऊन गेला. दोरी घडी करून खिशात घातली त्यानं.

कुत्री मात्र त्या दिवशी बाहेर आली नाही, जेवली नाही. पुढचे कितीतरी दिवस पुन्हा आम्ही आत गेल्यावरच खाऊ लागली. इतक्या महिन्यांत मिळवलेलं एका आवाजानं गेलं असं वाटून मला रडू आलं. माय म्हणाली, "रडतं काऊन? वाट ठाऊक हाय आता तिले. येईल." आणि ती पुन्हा बाजेवर बसून तूर निवडू लागली, भाव पडला, नळाला पाणी आलं नाही हे सांगत. एक दिवस नाक पुन्हा टाचेपाशी आलं.

मग बरीच चांगली वर्षं गेली. रविवारी माय पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला निघाली की कुत्री तिच्या मागे. रस्ता ओलांडताना तिच्या पायांत घुटमळायची, ऑटो दिसला की थांबायची. विहाराच्या पायरीखाली चपलांच्या ढिगात बसून राहायची. सुरुवातीला बाया कुरकुरल्या, चपलांना केस लागतात म्हणून. पुढे त्याच बाया विचारायच्या, "आज आली नाई का तुमची?"

ती म्हातारी होऊन गेली, थंडीच्या दिवसांत, सीताफळाखालच्या उन्हात झोपलेली असताना. आम्ही तिला त्याच झाडापाशी पुरलं. मायनं त्या दिवशी बाज उचलून आत ठेवली. नंतर माझी बदली झाली, मायचे गुडघे दुखू लागले, ते घर सुटलं.

रविवारी मी मायला इथल्या विहारात नेते. वंदना झाली की ती पायऱ्या उतरते, चपला घालते आणि निघायच्या आधी चपलांच्या ढिगाकडे बघत थोडा वेळ तिथेच उभी राहते. मी घाई करत नाही.