फळ्यावरचे मोमो

बाळांनो, दर रविवारी सकाळी मी इथे बंगालमध्ये, बालीगंजला आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत मुलांचा मराठी वाचनवर्ग घेते. मुलं बदलीवर आलेल्या बँकवाल्यांची आणि न्यू टाउनच्या कंपनीवाल्यांची. ती आपसांत बंगालीत भांडतात आणि मराठी पुस्तक उघडलं की त्यांना तहान लागते. मंडळाच्या सेक्रेटरींनी शेवटी सांगून टाकलं, ‘ताई, या रविवारीही मुलं वाचणार नसतील, तर खोली कॅरमला देऊ.’

मग मी माझ्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंना वर्गात बोलावलं. त्या बालपुस्तकांसाठी चित्रं काढतात. मराठी त्यांना येत नाही. मुलांनी गोष्टीतलं वाक्य वाचून बंगालीत समजावायचं आणि बाईंनी ऐकलं तेवढंच फळ्यावर काढायचं, असं आमचं दोघींचं ठरलं.

गोष्टीतली आजी उकडीचे मोदक करत होती. एका मुलीनं पुस्तकात जेमतेम डोकावून सांगितलं, ‘तांदळाच्या पिठाची पारी, आत सारण, वर चुण्या. मग वाफवायचं.’

दर गणपतीला माझ्याकडे येऊन मोदक हाणणाऱ्या या बाईंनी शांतपणे बशीभर मोमो काढले. शेजारी वाटीत लाल चटणी.

‘मासी, हे मोमो आहेत,’ मुलं ओरडली. मासी म्हणजे मावशी.

‘तुम्हीच तसं सांगितलंत. आत चिकन ना?’

‘गणपतीला चिकन?’

‘मग काय असतं? पुस्तकात बघा.’

सगळी पुस्तकावर तुटून पडली. ओला नारळ आणि गूळ सापडल्यावर बाईंनी चटणी पुसून तिथे आख्खा नारळ काढला, शेंडीसकट. पुन्हा गिल्ला, पुन्हा वाचन. मी कोपऱ्यात गंभीर चेहरा करून बसले होते, आणि ते मुळीच सोपं नव्हतं.

तेवढ्यात सेक्रेटरी कॅरमबोर्ड घेऊन आले. ‘ताई, मंडळात मोमो?’

‘काका, मासींना कळतच नाहीये,’ ती मुलगी म्हणाली. ‘आता तुम्ही वाचा. आमचा घसा बसला.’

त्यांनी बोर्ड भिंतीला टेकवला आणि वाचलं, ‘आजीनं केळीच्या पानावर मोदक वाफवायला ठेवले.’ मुलांनी ते बंगालीत सांगितलं. केळीचं पान म्हटल्यावर बाईंनी बंगाली पद्धतीनं त्यात गुंडाळलेला मासा काढला, शेपटी बाहेर.

‘अहो, मासा कुठे लिहिलाय?’ सेक्रेटरी चष्मा पुसून तेच वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचू लागले.

‘काका, सावकाश. शब्द गाळताय,’ मुलांनी बजावलं.

वर्ग सुटला तेव्हा त्यांनी बोर्ड पुन्हा काखोटीला मारला. ‘या बाई पुढच्या रविवारी आहेत ना? कॅरम आम्ही जिन्याखाली खेळू. पण ताई, तो मासा तेवढा पुसायला सांगा.’