सकिनाच्या नावाचं गाणं

हलिमाआपा गेल्याचं मला इथे कुवेतात, खैतान वस्तीतल्या वाण्याच्या दुकानात कळलं. तांदूळ तोलता तोलता त्याने सांगितलं आणि मी पिशवी तिथेच ठेवून घरी आले. रडू आलं नाही... राग आला. आता महिना उलटून गेला, तरी तो उतरलेला नाही.

पंचावन्नच्या सुमारास आम्ही रत्नागिरीकडच्या मोजक्या मुसलमान बायका नवऱ्यांच्या नोकरीपायी कुवेतला आलो, तेव्हा आपा बोटीतून चक्क जातं घेऊन आली होती. सगळे हसले. पण आमच्याकडे लग्नाची हळद जात्यावर दळतात आणि दळताना नवरीचं नाव गुंफून गातात. एकीचं गाणं दुसरीला चालत नाही. "पोरी इथे उर्दू शिकतील, इंग्लिश शिकतील. नाव तरी आपल्या बोलीत घ्या गो त्यांचं," आपा म्हणायची. शुक्रवारी दुपारी तिच्या खोलीत जमायचं, हे तिने आमच्या अंगवळणी पाडलं. घरचे पुरुष गावंढळ गाणी म्हणून नाकं मुरडायचे, आम्ही त्यांच्याशी भांडून जायचो. कुणी चुकलं की आपा जातं थांबवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. तिच्या लेकीचं, सकिनाचं गाणं तर आम्ही वर्षभर घोटलं. त्यात आमचं बंदर होतं, गलबत होतं, कुवेतचं खारं पाणीसुद्धा होतं.

गेल्या साली सकिनाचं लग्न ठरलं, इथल्याच एका उर्दू बोलणाऱ्या बड्या घरात. हळदीला आम्ही नटूनथटून गेलो, तर जातं चादरीखाली झाकलेलं आणि ग्रामोफोन चालू. हळदही बाजारातून दळलेली आणलेली. आपा दारातच मला म्हणाली, "आज नको गो. ती माणसं काय म्हणतील?" जिने आमची भीड मोडली, तिलाच आमची लाज वाटली. मी सरबताला हातही न लावता परतले. पुढे बोलणं झालं, पण आमचे शुक्रवार संपले ते संपलेच.

परवा सकिना ते जातं घेऊन माझ्याकडे आली. "खाला, हे तुम्हाला द्यायला ममी सांगून गेली." मग जरा घुटमळून म्हणाली, "माझंही एक गाणं होतं ना? ममी म्हणायची, हळदीच्या दिवशी तुम्हा कुणालाच ते आठवलं नाही, म्हणून राहिलं."

आपा, हे मात्र तू करायला नको होतंस.

सकिनाला समोर बसवलं. जात्यात मूठभर कुटलेली हळद टाकली, खुंटा धरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं. एक शब्द चुकला नाही.