सायलेन्सरला चिकटलेली माणसं

पृथ्वीवरच्या समस्त माणसांचे इंदूरच्या आमच्या घरमालकांनी दोनच वर्ग पाडले होते: ज्यांचा बूट तापलेल्या सायलेन्सरला चिकटतो ते, आणि ज्यांचा चिकटत नाही ते. इतर घरमालक जात विचारतात, पगार विचारतात, कांदा-लसूण खाता का ते विचारतात. अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने मागायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते माझ्या पायांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जरा पाय उचला भिया." मला वाटलं चिखल वगैरे लागला असेल. मी बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिलो. त्यांनी वाकून बुटाचा तळ पाहिला, अंगठ्याच्या नखाने सोल दाबला आणि घराच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "रबर आहे. पण मुलगा बरा वाटून राहिलाय." आतून काकूंचा आवाज आला, "मग चावी द्या ना त्याला, ऊन किती आहे." अशा रीतीने मला इंदुरात छप्पर मिळालं.

सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी हयात घालवली होती आणि निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळा गेली तरी प्रयोग राहिले होते. ते सगळे एका मोटरसायकलवर होत. तरुणपणी घेतलेली ती दणकट गाडी. तिच्या उजव्या अंगाला लांबलचक क्रोमचा सायलेन्सर. त्यात चेहरा दिसायचा, आणि काका रोज सकाळी दाढी झाल्यावर, नीट झाली की नाही हे त्यातच बघायचे. मागे बसणाऱ्याचा उजवा बूट जरा घसरला की त्या तापलेल्या नळीला टेकायचा, रबर वितळायचं आणि क्रोमवर काळा चिकट डाग बसायचा. एवढीच गोष्ट. आपण म्हणू, बसला डाग. काकांच्या लेखी ती दुर्घटना होती.

या दुर्घटनेमुळेच स्त्रीजातीबद्दल त्यांना नितांत आदर होता. स्त्रिया डावीकडे दोन्ही पाय सोडून बसतात, सायलेन्सर उजवीकडे. एकतीस वर्षांच्या संसारात काकूंनी गाडीवर एकही डाग पाडला नव्हता, हे ते पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे. काकू म्हणायच्या, "हो, एवढा एकच गुण आहे माझ्यात." त्यांची मुलगी रेवा कॉलेजात गेल्यावर जीन्स घालून दोन्हीकडे पाय टाकून बसायला लागली, तेव्हा घरात मोठा वाद झाला म्हणे. शेजारच्यांना वाटलं, जुन्या वळणाचे गृहस्थ, मुलीचं असं बसणं खपत नसेल. प्रत्यक्षात काकांचं म्हणणं एवढंच होतं की तिने जीन्स घालावी, वाटेल तशी बसावी, फक्त स्पोर्ट्स शूज घालू नयेत.

डाग पडूच नये म्हणून काकांनी एक मोजडी आणून ठेवली होती. लाल, जरीकाम केलेली, तळ अस्सल चामड्याचा. गाडीवर बसणाऱ्याने आपले बूट पिशवीत घालायचे, मोजडी चढवायची, मग बसायचं. गल्लीतली निम्मी माणसं कधी ना कधी बँकेत, दवाखान्यात, स्टेशनवर त्या मोजडीत पोचली होती. मी पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला होतो. कंपनीची बस चौकातून सुटायची आणि उशीर झाला की काका मला तिथवर सोडायचे. एकदा बस सुटत होती म्हणून मी धावत चढलो आणि बुटांची पिशवी काकांच्या हँडलला लटकलेली राहिली. त्या दिवशी पुण्याहून मोठे साहेब तपासणीला आले होते. सुरक्षेच्या बुटांशिवाय आत जायची मनाई असल्यामुळे मी दिवसभर ऑफिसच्या एका खुर्चीवर लाल मोजडी टेबलाखाली लपवत बसलो. साहेबांनी जाताना विचारलं, "लग्नाची सुट्टी संपवून आलात वाटतं?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

कोणता सोल किती तापमानाला वितळतो, हे काकांना पाठ होतं, कारण ते त्यांनी स्वतः तपासलं होतं. चांभाराकडून सोलचे तुकडे आणून ते काकूंच्या तव्यावर ठेवायचे. एका रविवारी पोळीला टायरचा वास आला, तेव्हा काकूंनी तवा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा आता तुमचा. मला नवा आणा." काकांनी त्याच दिवशी नवा आणला. त्यांना जुना हवाच होता.

आणि इतकं करूनही डाग पडलाच, तर तो काढण्याचा विधी असे. तो मी इतक्यांदा पाहिलाय की आजही न चुकता सांगू शकेन. आधी इंजिन दोन मिनिटं चालवायचं. नळी किती गरम हवी? विरजण लावायच्या दुधाइतकी, हाताला सोसेल अशी. त्याहून गरम झाली तर रबर पसरतं, गार राहिली तर सुटत नाही. मग कुल्फीच्या लाकडी काडीने हलक्या हाताने खरवडायचं. या काड्यांसाठी काका कुल्फी खायचे, आणि त्यांची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांना त्यांनी खरं कारण सांगितलं. डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. उरलेला थर नेलपॉलिश काढायच्या द्रवाने पुसायचा. तो ते बांगड्यांच्या दुकानातून स्वतः आणायचे, तिथल्या बाया काय म्हणतील याची पर्वा न करता. मग पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासायचा, आणि शेवटी पॉलिश आणि जुना बनियन. पॉलिश पेपर किंवा सुरी यांचं नावही काढायचं नाही. एका मेकॅनिकने एकदा पॉलिश पेपर मारला होता. काका त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत, आणि बोलले तेही त्याचे वडील गेले म्हणून.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "एक तर हात लावू नका, लावलात तर अर्धं सोडू नका. अर्धा काढलेला डाग पूर्ण डागापेक्षा जास्त दिसतो."

रेवाला बघायला देवासहून मंडळी आली, तो दिवस रविवारचा होता. मला काकूंनी पोहे वाढायला खाली बोलावलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, सहा फुटांच्या वर उंच, शांत. वडील मात्र कडक इस्त्रीचे. रेवाला मुलगा फोनवरच्या बोलण्यात आवडला होता, हे काकूंना ठाऊक होतं आणि काकूंकडून मला. सगळं सुरळीत चालू असताना काकांना कचोरी आणायचं सुचलं. कचोरी आणायला गाडी, आणि गाडी दाखवायला मुलगा. अंगणात मोजडी पुढे आली. मुलाचा पाय अकरा नंबरचा. टाच बाहेर राहिली. काका मोजडी ओढत होते, मुलगा भिंतीला धरून उभा होता. शेवटी काकू दारातून म्हणाल्या, "जात नाही तर राहू द्या ना. मुलगी बघायला आलेत ते, मोजडी बघायला नाही." काका उठले. त्यांचा चेहरा मी पाहिला. मुलीला सासरी पाठवताना बापाचा होतो तसा, फक्त जरा लवकर.

पाऊण तासाने दोघं परत आले. काकांच्या हातात कचोरीचा पुडा होता आणि मुलाच्या उजव्या बुटाचा एक कोपरा सपाट झाला होता. सायलेन्सरवर तळहाताएवढा काळा डाग होता. मुलाने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि विचारलं, "काका, हे निघतं कसं?" काकांनी कुल्फीची काडी त्याच्या हातात दिली आणि तो फरशीवर बसला.

पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी ते कौतुकाने पाहिलं. वीस मिनिटांनी मुलाचे वडील बाहेर आले. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "आम्ही मुलगी पाहायला आलोय की गाडी धुवायला? उठ रे, निघू या." आत त्याच्या आईने पर्स उचलल्याचं मला दिसलं. रेवा दारात नेलपॉलिशच्या द्रवाची बाटली घेऊन उभी होती, तिथेच थांबली. काकूंनी काकांकडे पाहिलं. त्या नजरेत एकतीस वर्षांचं सगळं होतं.

आणि काका, ज्यांनी आयुष्यात एकही डाग रात्रभर राहू दिला नव्हता, ते म्हणाले, "उठा बेटा. राहू द्या. एक डागच तर आहे."

मुलगा उठला नाही. वरही न पाहता म्हणाला, "बाबा, पंधरा मिनिटं द्या. निम्मा झालाय, आता सोडला तर जास्तच दिसेल."

काका खाली बसले. जुना बनियन त्यांनी त्याच्यापुढे सरकवला. रेवा हसली आणि बाटली घेऊन पुढे आली. मुलाचे वडील जरा वेळ तसेच उभे राहिले. मग काकू त्यांना म्हणाल्या, "कचोरी गरम आहे तोवर खाऊन घ्या, भाईसाहेब," आणि ते आत गेले. पंधरा मिनिटांचा पाऊण तास झाला. रेवा आणि तो मुलगा त्या पाऊण तासात जे बोलले, ते आत सगळ्यांसमोर बसून त्यांना कधीच बोलता आलं नसतं. लग्न ठरलं.

मंडळी गेल्यावर काका मला म्हणाले, "सिग्नलपाशी वास आला मला. मी बोललो नाही. रेवाचं काम आहे, म्हटलं, सहन करा. आणि पुढे जाऊन तोच म्हणाला, काका, गाडी बाजूला घ्या, माझा बूट चिकटला, चूक माझी आहे." मग म्हणाले, "इतक्या वर्षांत इतकी माणसं बसली, भिया. मागून स्वतःहून कोणी सांगितलं नाही. घरी आल्यावर मलाच दिसायचं."

मी म्हणालो, "खरंय, लोक सांगत नाहीत."

"तुम्ही पण नव्हतं सांगितलं," ते म्हणाले. "पावसाळ्यात. मोजडी ओली होती तेव्हा. तुमच्या कंपनीच्या बुटाला खाली षटकोन आहेत ना? ते छापून आले होते." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही, म्हणूनच मला जास्त लागलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "निघाला तो. षटकोन निघतात लवकर."

रेवा पुण्याला गेली. वर्षभराने माझीही बदली झाली आणि मी इंदूर सोडलं. काकांचा फोन दर रविवारी येतो, सकाळी, त्यांच्या पॉलिशच्या वेळेला. सायलेन्सर आता आरशासारखा आहे म्हणतात; मागे बसणारं कोणी उरलं नाही. काकूंचे गुडघे दुखतात, त्या रिक्षाने जातात.

मागच्या महिन्यात ते दोघं पुण्याला लेकीकडे जाऊन आले. तिथे रेवाने नवी मोटरसायकल घेतली आहे. सायलेन्सर काळा, वर जाळीचं झाकण. डाग पडतच नाही आणि पडला तरी कळत नाही. काका त्याबद्दल काहीतरी तिखट बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. पण ते म्हणाले, "रेवाने मला मागे बसवून नेलं. सिंहगडाच्या रस्त्याने."

"मग? कसं वाटलं?"

"अपन तर आजवर कधी मागे बसलोच नव्हतो, भिया. गाडी हलली की पाय सरकतो. धरायला काही नाही. मी रेवाच्या खांद्याला धरून बसलो." मग ते म्हणाले, "तुम्हाला पण अडचण होत असेल तेव्हा. फार जागा नसते मागे. कधी बोलला नाहीत."

"नाही हो काका," मी म्हणालो. "आरामात बसायचो मी."

त्यांना ते खरं वाटलं नसावं. तरी ते बरं म्हणाले, आणि पलीकडून काकूंनी चहाला हाक मारली.