स्वप्नाला अ की ब?

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. भाव येईपर्यंत कापूस घरात पडून राहतो ना, तसे ते पडून राहतात, आणि चहाच्या वेळी एक ओढला की त्याच्यासोबत चार बाहेर येतात. माझ्याकडचे सगळे एकाच वर्गाचे आहेत. मुकुटबनजवळच्या एका गावातली शाळा, वर्ग सातवा, विषय मराठी, तास जेवणानंतरचा. यवतमाळात वाढलेली मी तिथं मराठी शिकवायची, म्हणजे निम्मा वेळ पोरांना जागं ठेवायची आणि निम्मा वेळ स्वतःला.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. लोक म्हणायचे थांबू, अजून थांबू. तोवर कापूस घरात. समोरच्या खोलीत गंजी पार आढ्याला टेकलेली, मग माणसं झोपणार कुठं? गंजीवरच! माझा अर्धा वर्ग कापसावर झोपून यायचा. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, अंगाला खाज. खिडकीतून ऊन आत आलं की ते तंतू वर्गभर तरंगायचे आणि मी खडू हातात धरून नुसती बघत राहायची. खरं सांगते, इतका सुंदर वर्ग मला पुन्हा मिळाला नाही.

०

त्या वर्गात बंजारा तांड्यावरची शेवंता होती. घरी गोरबोली, शाळेत मराठी, आणि दोन्हींत मोजकंच बोलणारी. आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर पांढरकवड्याला वसतिगृहात राहायचं. तिचे वडील थावराभाऊ पालकसभेत उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मराठीत अ आली त धाडतो. ब आली त घरी काम लय हाय."

मराठीच का, गणित का नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, घरची बोली तिला येतेच, बाहेरच्यांची किती आली तेवढं मला पाहायचं आहे. झालं! पोरीचं पुढचं सगळं येऊन माझ्या विषयावर बसलं. त्या दिवशी परतीच्या एसटीत मला नेहमीची डुलकीसुद्धा आली नाही.

श्रेणी मी द्यायची, पण सही मुख्याध्यापकांची. त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे. माणूस देवमाणूस, पण निबंधाच्या बाबतीत एकदम कडक. सुरुवात, मध्य, शेवट. तिन्ही असतील तर अ, शेवट नसेल तर ब. भाषा कितीही गोड असो! पंगतीत शेवटी मठ्ठा नाही आला तर जेवण झालं असं म्हणायचं का, असं ते मलाच विचारायचे. आणि शेवंता शेवट कधी लिहायची नाही.

०

पोरं गाइडमधले निबंध पाठ करून यायची. 'माझा आवडता ऋतू' दिला की अख्ख्या वर्गाला वसंत आवडायचा, आणि त्यात कोकिळा एकाच ओळीवर गायची. मी वैतागले. म्हटलं, असा विषय देते जो कोणत्याच गाइडात नाही. फळ्यावर लिहिलं, 'मला पडलेले स्वप्न'. वर्ग इतका शांत झाला की मला वाटलं, सगळे उत्तर शोधायला तिथंच झोपले.

दुसऱ्या दिवशी निबंध तपासायला घेतले तर गजू आणि मनोज या दोघा चुलतभावांचं स्वप्न सारखं. दोघांच्या स्वप्नात तोच पांढरा बैल, तो त्याच नदीवरून उडाला आणि त्याच बाभळीवर बसला. कॉपी! दोघांना उभं केलं. कोणी कोणाचं पाहिलं ते बऱ्या बोलानं सांगा, म्हटलं.

गजू म्हणाला, "मॅडम, आम्ही एकाच गंजीवर झोपतो."

दोघांनाही अ दिला. बैल झाडावर बसला म्हणजे शेवट झालाच होता.

०

विठ्ठलला खाजेमुळे झोपच लागायची नाही. त्यानं त्याच्या आज्याचं स्वप्न लिहून आणलं. आजा झोपेत हिरा नावाच्या बैलाला हाका मारत होता, मग त्याला पाणी पाजलं, मग त्याच्याशी भांडला, मग हसला आणि कूस बदलली. मोठ्या सरांनी वही परत पाठवली. विषय 'मला पडलेले' असा आहे, हे पोराला पडलेलं नाही, असा शेरा मारून!

विठ्ठल वही घेऊन थेट त्यांच्या टेबलापाशी गेला. "सर, पडलं आज्याले. पण आयकाले मलेच लागलं ना रातभर."

मोठ्या सरांनी चष्मा पुसला. मग त्यांनी अ केला आणि पोराला आपल्या डब्यातली पोळी दिली.

०

एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी विचारलं, स्वप्नाचं मूल्यमापन तुम्ही कोणत्या निकषावर करता? मोठे सर अभिमानानं म्हणाले, सुरुवात, मध्य, शेवट. केंद्रप्रमुखांनी मान डोलावली आणि निबंध वाचायला माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसले. नुकतंच जेवण झालेलं, बाहेर कवडा घुमत होता, हवेत तंतू तरंगत होते. चौथ्या वहीवर साहेबांची मान खाली गेली. आम्ही कोणी उठवलं नाही. मी आवाज लहान करून कविता शिकवत राहिले, आणि पोरंही पाळण्याजवळ बसल्यासारखी हळू म्हणत राहिली.

साहेबांना जाग आली ती चहा आल्यावर. एका पोरीनं आदबीनं विचारलं, काय पडलं सर? माणूस मनमोकळा होता, त्यानं सांगून टाकलं. त्यांच्या लहानपणीच्या शाळेत ते उशिरा पोचले होते, मास्तरांनी छडी उचलली होती, आणि तेवढ्यात चहा आला.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. गजू म्हणाला, "शेवट नाई. ब."

साहेब इतके हसले की चहा सांडला. जाताना शेरा मात्र चांगला लिहून गेले.

०

सगळे हसत होते, पण माझा जीव शेवंतात अडकला होता. हाच विषय मी पुन्हा पुन्हा दिला, पण तिचं प्रत्येक स्वप्न मधेच थांबायचं. विहिरीत चंद्र होता, तो काढायला बादली सोडली, आणि पुढं कोरा कागद. मोर अंगणात आला, त्यानं दाराची कडी वाजवली, आणि पुढं कोरा कागद. मी तिला मधल्या सुट्टीत बसवायची. अगं, दोन ओळी तर लिहायच्या. चंद्र निघाला लिही, नाही निघाला लिही, कोण बघायला गेलंय?

ती म्हणायची, "तितकंच दिसलं मॅडम. याडीनं उठवलं." याडी म्हणजे तिची आई. पहाटे कापूस वेचायला जायचं म्हणून लेकीला उठवणारी.

मग मनानं लिही, मी म्हटलं. तुझ्या पांढरकवड्याचा प्रश्न आहे.

"खोटं काहून लिहू?"

मला तिचा राग आला, आणि तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं.

०

वार्षिक परीक्षेत मी पुन्हा तोच विषय दिला. निकालाच्या दिवशी पालक आले होते, तेव्हा मोठ्या सरांनी काही निबंध वाचायला लावले. थावराभाऊ दाराजवळ खाली बसले होते. शेवंता उभी राहिली आणि हळू आवाजात वाचू लागली.

एसटी कापसावरून चालत होती, म्हणून चाकांचा आवाज येत नव्हता. ती खिडकीत बसली होती. सगळीकडे पांढरं होतं. तिचा बापू खाली उभा होता, पण पाठ करून. ती हाका मारत होती, पण तोंडात कापूस गेल्यासारखा आवाज फुटत नव्हता. कंडक्टरनं बेल मारली. गाडी हलली.

ती खाली बसली.

मोठे सर म्हणाले, पुढं? शेवंतानं मान हलवली. मी तिला अ दिला होता. सरांनी सगळ्यांसमोर तो खोडला नाही, आपल्या खोलीत नेऊन खोडला. मी भांडले, मोठ्यानं भांडले. पोरीचं काय होणार हे माहीत असूनही खोडता, असं म्हटलं. त्यांचेही डोळे भरले होते. पण एकीला सोडलं तर उरलेल्या ब-वाल्यांना कोणत्या तोंडानं सांगू, म्हणाले.

थावराभाऊंनी निकालपत्रक घडी करून खिशात घातलं. निघताना त्यांनी लेकीला एकच विचारलं, "मंग मी वळलो का नाई?"

"माईत नाई, बापू. याडीनं उठवलं."

दोघं तांड्याच्या वाटेला लागली.

उन्हाळाभर मला काही कळलं नाही. दोनदा निरोप धाडला, उत्तर नाही. शाळा उघडल्या त्या आठवड्यात एका सकाळी मी एसटीतून स्टँडवर उतरले. तीच गाडी मग पांढरकवड्याला परतायची. पाहते तर थावराभाऊ डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन उभे, बाजूला नवा फ्रॉक घातलेली शेवंता. त्यांनी पेटी वर चढवली, लेकीला खिडकीत बसवलं, कंडक्टरला काहीतरी सांगितलं आणि खाली उतरले.

उतरले, आणि एसटीकडे पाठ करून उभे राहिले.

मला वाटलं, रडत असतील. शेवंता खिडकीतून हात बाहेर काढून बघत होती. तिनं हाक मारली, ते हलले नाहीत. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मला राहवेना, मी म्हटलं, अहो थावराभाऊ, बघा तरी तिच्याकडे. त्यांनी हातानंच मला थांबवलं.

कंडक्टरनं बेल मारली. गाडी हलली. थावराभाऊ वळले, आणि दोन्ही हात वर करून, गाडी वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिले.

मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, झाला शेवट. आता तिले अ टाका."